'गार्डन्स ऑफ द मून' : मलाझान मालिकेचं पहिलं पुस्तक अर्ध्यावर न सोडता कसं वाचावं?

मांडवीवाला
आपल्या बडोद्याच्या रविवारच्या वाचनगटानं यंदा स्टीव्हन एरिक्सनचं 'गार्डन्स ऑफ द मून' घेतलंय. १९९९ साली आलेलं हे दहा पुस्तकांच्या मालिकेतलं पहिलं. दहावं २०११ला आलं, म्हणजे मालिका पुरी झालेली आहे, पुढच्या भागासाठी ताटकळत बसायला नको. गटात अकरा जण. सगळे ऐतिहासिक कादंबऱ्यांत मुरलेले, पण इतकी काळोखी अद्भुतकथा बहुतेकांना नवीन.

विचारायच्या गोष्टी अशा. साडेसहाशे-सातशे पानं (आवृत्तीप्रमाणे कमीजास्त), २४ प्रकरणं आणि वर उपोद्घात, हे आठ रविवारांत कसं बसवावं? लोक नेमके कुठे अडतात आणि का? आणि टिपणं काढायची तर कशी, की काढूच नयेत? जाणकारांनी सविस्तर लिहावं. स्पॉयलर कृपा करून नकोत.

अक्षरवेडी
वाचनखूण साठवली. अडण्याची जागा विचाराल तर दुसरं प्रकरण. दहातले सात तिथेच पुस्तक मिटतात असं कुणी म्हणालं तर मला नवल वाटणार नाही.

निळा दिवा
अक्षरवेडी, +१. पण का अडतात ते सांगायला हवं, नाहीतर नवीन माणसाला वाटतं आपलंच इंग्रजी कमी पडतंय.

उपोद्घात सोपा आहे. मलाझ शहर, किल्ल्याच्या तटावर बारा वर्षांचा गॅनोस परान, सैनिक व्हायची स्वप्नं बघणारा. तिथे साल दिलंय ११५४. पहिलं प्रकरण येतं तेव्हा ११६१ झालेलं असतं, दुसऱ्यात ११६३. म्हणजे पन्नासेक पानांत नऊ वर्षं जातात, आणि ही सालं फक्त प्रकरणाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत असतात. बरेच जण ती ओळ वाचतच नाहीत. त्यात दुसरं प्रकरण सुरू होतं पेल शहराच्या लढाईनंतर. टेकडी जळालेली, माणसं मेलेली, टॅटरसेल ही चेटकीण मधोमध उभी. मग तिच्या आठवणीतून आपण त्याच दिवसाच्या सकाळी जातो, लढाई बघतो आणि परत टेकडीवर येतो. हा उलटा फेरा लक्षात आला नाही तर मेलेला माणूस पुढच्या पानावर बोलताना दिसतो आणि वाचक हात टेकतो.

उपाय साधा. दुसरं प्रकरण एका बैठकीत वाचायचं. मध्ये झोप नको, मध्ये ऑफिस नको. आणि ज्या ओळीवर 'आता आपण सकाळी आलो' हे कळतं तिथे पेन्सिलीची बारीक खूण. लायब्ररीची प्रत असेल तर कागदाची चिठ्ठी लावा, पेन्सिल नको.

माई रावपुरा
टिपणांबद्दल माझं मत: काढावीत, पण एकाच कागदावर. ए-फोर कागद घेऊन दोन घड्या घाला, एक आडवी, एक उभी. चार चौकोन झाले. पहिल्यात मलाझान साम्राज्याची माणसं, दुसऱ्यात दारुजिस्तान शहरातली, तिसऱ्यात चंद्रावरची (म्हणजे 'मून्स स्पॉन' या तरंगत्या डोंगरावरची) आणि इतर वंशांची, चौथ्यात देव. एका नावाला एकच ओळ. तीस नावं झाली की थांबायचं. एकतिसावं लिहायचं असेल तर आधीचं एक खोडा. त्यामुळे कोण खरं महत्त्वाचं याचा निवाडा आपोआप होतो.

पुस्तकाच्या सुरुवातीला पात्रसूची आहेच, गटागटानं लावलेली. शेवटी शब्दसूची आहे. दोन्हीकडे एकेक खूण ठेवा. मात्र शब्दसूची सुरुवातीलाच सलग वाचून काढू नका. नुसत्या नावांची यादी डोक्यात राहत नाही, पोटात गोळा मात्र येतो.

शंका_फार
माई, पण एका माणसाची तीन-तीन नावं आहेत, त्यांचं काय करायचं? कॉटिलियन, द रोप, मारेकऱ्यांचा पाठीराखा. हे तीन जण की एकच?

माई रावपुरा
एकच. तसंच अम्मानास म्हणजे शॅडोथ्रोन. एका ओळीत सगळी नावं बरोबरीच्या चिन्हानं जोडा. आणि बाळा, तुला हे अवघड का वाटावं? देवव्रत, गांगेय, शांतनव, भीष्म. पार्थ, धनंजय, सव्यसाची, अर्जुन. घरात लहानपणापासून ऐकतोच की आपण.

घोडदळ
पटत नाही. महाभारताची नावं आजीनं सांगितलेली असतात. इथे सांगणारं कुणी नाही. लेखकानं वाचकाला काहीच समजावायचं नाही आणि आम्ही घड्या घालून कागद भरायचे, हा कुठला न्याय? 'वॉरेन' हा शब्द पहिल्या शंभर पानांत कितीदा येतो बघा, आणि वॉरेन म्हणजे काय हे एकदाही सरळ सांगितलेलं नाही. हा दोष आहे. त्याला खोली म्हणू नये.

काळोखी अद्भुतकथा हवी तर ग्लेन कुकचं १९८४चं 'द ब्लॅक कंपनी' घ्या. भाडोत्री सैनिकांची तुकडी, तिचा वैद्यच 'मी' म्हणून गोष्ट सांगतो, वाक्यं तोकडी, पुस्तक लहान. किंवा ज्यो अॅबरक्रॉम्बीचं २००६चं 'द ब्लेड इटसेल्फ'. माणसं मोजकी, जादू कमी, प्रत्येकाचा आवाज निराळा.

सुरसागर_७
'द ब्लेड इटसेल्फ' चांगलंच आहे, पण गटाला एक सांगून ठेवा की ते पुस्तक जवळजवळ सगळं मांडामांड आहे. तिथे गोष्ट संपत नाही, प्रवासाला निघते. 'गार्डन्स'मध्ये निदान दारुजिस्तानचा डाव शेवटी उलगडतो. आठ रविवार देऊन गटाच्या हाती काहीतरी पुरं लागायला हवं ना.

थरावरथर
उशिरा आलो, पण मुद्दा माझ्या कामाच्या जवळचा आहे म्हणून थोडं लांबण लावतो.

एरिक्सन मानववंशशास्त्र आणि पुरातत्त्व शिकलेला माणूस. हे जग त्यानं आणि इयन कॅमेरॉन एसलमाँट यानं १९८२पासून भूमिका घेऊन खेळायच्या खेळासाठी रचलं. पुस्तक छापून आलं त्याच्या कितीतरी आधीपासून ते दोघं त्यात खेळत होते. म्हणून पहिल्या पानावर आपण शिरतो तेव्हा तिथली माणसं आधीपासून भांडत, मरत, जुनी देणी फेडत असतात. ती आपल्यासाठी थांबून ओळख करून देत नाहीत.

आता आपल्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाकडे बघा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शामळाजीजवळ देवनी मोरीला स्तूपाचं उत्खनन याच विभागानं केलं. खड्ड्यात काम करणाऱ्याला पहिल्या दिवशी काय शिकवतात? खापर हाती लागलं की आधी जागा लिहा. कुठला खड्डा, कुठला थर, किती खोलीवर, शेजारी काय होतं. ते खापर कशाचं हे लगेच ठरवू नका. ठरवलंत की पुढचं प्रत्येक खापर त्याच गोष्टीत बसवायचा मोह होतो, आणि नेमकं जे बसत नाही ते फेकलं जातं. वरचा थर आधी हाती येतो आणि तो सगळ्यात नवा असतो. जुनं खाली असतं, म्हणजे शेवटी सापडतं.

हे पुस्तक अगदी तसंच रचलंय. आधी साम्राज्याची आजची लढाई. तिच्याखाली सम्राट गेल्यानंतरचे हिशेब. त्याखाली टिस्टे आंडी हा वंश, हजारो वर्षं जगून थकलेला. आणि तळाशी ट'लान इमास आणि जाघुत या प्राचीन वंशांचं वैर, जे लाखो वर्षांच्या भाषेत मोजलं जातं. तळाची गोष्ट समजल्याशिवाय वरची पुरती उलगडत नाही आणि वरून खणल्याशिवाय तळ येत नाही. घोडदळ, लेखक समजावत नाही हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण समजावलं असतं तर ते खापर धुऊन-पुसून, लेबल लावून कपाटात ठेवल्यासारखं झालं असतं. बघायला सोपं, पण आपण खणलं नाही.

म्हणून माईंच्या कागदात एक बदल सुचवतो. नावापुढे अर्थ लिहू नका. प्रकरण, जागा आणि शेजारी कोण होतं एवढंच लिहा. उदाहरणार्थ: 'ओटाटारल. प्र. १च्या आसपास. अॅडजंक्ट लॉर्नची तलवार. जादूगार दचकतात.' अर्थाची जागा मोकळी सोडा. ती आपोआप भरते, आणि भरते तेव्हा जो आनंद होतो त्यासाठीच हे पुस्तक वाचायचं.

माई रावपुरा
मान्य. मोकळी जागा सोडायची. माझ्या कागदाला तिसरी घडी.

कमाटीबाग
थरावरथर, प्रतिसाद आवडला. पण नवीन माणसाला पाच-सहा शब्द आधी सांगायला काय हरकत आहे? हे स्पॉयलर नाहीत, शब्दसूचीतच आहेत:

वॉरेन: इंग्रजीत सशांच्या बिळांचं जाळं. इथे जादूचा स्रोतही तोच आणि वाटही तीच. जादूगारागणिक वॉरेन वेगळं असू शकतं. डेनुल बरं करण्याचं, थिर उजेडाचं. काही वॉरेनं माणसांची नाहीतच, जुन्या वंशांची आहेत. वॉरेनमधून चालत लांबचं अंतर झटकन कापता येतं.

असेंडंट: माणूसपणाच्या वर चढलेला. देव असेलच असं नाही. भक्त मिळाले तर देव. आपल्याकडच्या चिरंजीवांची कल्पना जवळची वाटेल, फक्त इथले चिरंजीव कुणाला आशीर्वाद देत फिरत नाहीत.

डेक ऑफ ड्रॅगन्स: पत्ते. पण नुसतं रमल समजू नका. जीवन, मृत्यू, प्रकाश, अंधार, सावली अशी घराणी आणि त्यांच्या बाहेरचे काही सुटे. कुठला पत्ता निघाला यावरून कुठली शक्ती आत्ता हलतेय ते कळतं. पत्ते मांडायचा प्रसंग आला की वेग कमी करा, ती पुढच्या घटनांची सूचीच असते.

क्लॉ: साम्राज्याचे मारेकरी. दारुजिस्तानचे मारेकरी वेगळे, त्यांचा संघ वेगळा. हा घोळ फार जणांचा होतो.

मोरान्थ: किड्यांवर बसून उडणारे. त्यांनी पुरवलेले स्फोटक गोळे साध्या सैनिकांकडे असतात, म्हणूनच या जगात साधा सैनिक जादूगारासमोर उभा राहू शकतो. काळोख्या अद्भुतकथेत हे महत्त्वाचं. ताकद फक्त मोठ्यांकडे नसते.

शंका_फार
ब्रिजबर्नर्स पलटणीतल्या व्हिस्कीजॅक या सैनिकाचं नाव दारूवरून पडलं का?

निळा दिवा
नाही! व्हिस्कीजॅक हा कॅनडातला करडा पक्षी, जे कुळातला. ते नाव तिथल्या क्री लोकांच्या भाषेतून आलंय. एरिक्सन कॅनडाचा. बाकी सैनिकांची नावं मात्र टोपणनावंच: फिडलर, हेज, सॉरी. खरी नावं मागे सोडून आलेली माणसं आहेत ती. हे एकदा मनात धरलं की नावं विचित्र वाटणं थांबतं.

अक्षरवेडी
ब्रिजबर्नर्सचं मराठी 'पूलजाळे' केलंय मी. आमचे पूलजाळे, नववी तुकडी.

सुरसागर_७
पूलजाळे! दांडिया बाजारात पाटीवर शोभेल असं आडनाव आहे.

घोडदळ
नाव छान आहे, मलाही आवडलं. पण मूळ मुद्द्यावर येतो. दुसऱ्या प्रकरणाबद्दल सगळे बोलले, पाचव्याबद्दल कुणी नाही. पहिल्या चार प्रकरणांच्या भागाचं नावच 'पेल'. पाचव्यात एकदम नवीन शहर, नवीन माणसं, निळ्या ज्योतींचे गॅसचे दिवे, आणि क्रुप. ज्यांची आता कुठे ओळख झाली ते सगळे गायब. ज्यानं दुसरं प्रकरण नेटानं ओलांडलं त्याला इथे फसवल्यासारखं वाटतं. पुस्तक दुसऱ्यांदा सुरू करायला लागतं.

निळा दिवा
घोडदळ, अगदी खरं आणि फार उपयोगाचं. म्हणून गटासाठी तोडणी अशी करा की चौथ्या प्रकरणावर एक रविवार संपेल आणि पाचवं पुढच्या आठवड्यात ताज्या डोक्यानं सुरू होईल. पाचवं प्रकरण आठवड्याच्या शेवटी, दमलेलं असताना वाचायला घेतलं तर ते हमखास फसतं.

आणि क्रुपबद्दल: हा गोलमटोल माणूस स्वतःला 'मी' म्हणत नाही, 'क्रुपला वाटतं', 'क्रुप म्हणतो' असं बोलतो. वाक्य एका गावातून निघून तीन गावं फिरून येतं. त्याला कीर्तनकारासारखं ऐका, म्हणजे मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचलं तर कंटाळा येतो, मोठ्यानं वाचलं तर लय सापडते. शिवाय तो बडबडीत खऱ्या गोष्टी लपवतो. गाळून पुढे गेलात तर पुढे पस्तावाल.

कमाटीबाग
प्रकरणांच्या डोक्यावरच्या कवितांचं पण सांगा. बहुतेक जण त्या गाळतात. प्रकरण संपल्यावर परत जाऊन वाचा. आधी अर्थ लागत नाही, नंतर लागतो. अर्ध्या मिनिटाचं काम.

शंका_फार
ऑडिओबुक चालेल का? ई-बुक?

कमाटीबाग
ऑडिओ पहिल्यांदाच नको. नाव कसं लिहितात ते डोळ्यांना दिसलं नाही तर टेशरेन, टॅटरसेल, टॉक सगळे 'ट' एकात एक मिसळतात. पहिली पाच प्रकरणं कागदावर वाचून मग ऐका. ई-बुकचा फायदा असा की नाव शोधलं की आधी कुठे आलं ते दिसतं. तोटा असा की चुकून इंटरनेटवर शोधलं जातं. चाहत्यांच्या कोशात एखाद्या नावाचं पान उघडलं की पहिल्याच ओळीत तो माणूस कितव्या पुस्तकात मरतो ते लिहिलेलं असतं. पुस्तक संपेपर्यंत कोश बंद. शंका गटात विचारा.

माई रावपुरा
मुलांचं काय? मांडवीवाला, गटात कॉलेजच्या आधीची पोरं आहेत का?

मांडवीवाला
दोघी आहेत माई, पंधरा वर्षांच्या.

माई रावपुरा
मग आईवडिलांशी आधी बोलून घ्या. पहिल्या प्रकरणातच एका कोळ्याच्या पोरीच्या अंगात परकी शक्ती शिरते आणि घोडेस्वारांची कत्तल होते. पहिल्या पुस्तकातली हिंसा लढाईची आणि मारेकऱ्यांची आहे, तेवढी चालून जाईल. दुसऱ्या पुस्तकापासून फार क्रूर होतं: बंड, उपासमार, लहान मुलांवरचे अत्याचार. गट पुढे दुसरं घेणार असेल तर त्या दोघींना आत्ताच सांगून ठेवा. काळोखी म्हणजे नुसते काळे झगे नव्हेत. इथे चांगल्या माणसालाही किंमत मोजावी लागते, आणि ती कुणी परत करत नाही.

घोडदळ
दुसरं पुस्तक वेगळ्याच खंडावर आहे हेही सांगा. 'डेडहाउस गेट्स', २०००. पहिल्यातली दोन-चार माणसं सोडली तर सगळे नवे. तिसरं, २००१चं, परत पहिल्याच्या खंडावर येतं आणि काळाच्या हिशेबानं दुसऱ्याच्या बरोबरीनं चालतं. म्हणजे पहिलं वाचून 'आता पुढे काय' म्हणून दुसरं उघडणाऱ्याचा विरस ठरलेला.

आणि पहिल्याचे खरे दोष झाकू नका. मसुदा छापण्याच्या बऱ्याच वर्षं आधीचा, म्हणून काही बारीकसारीक तपशील पुढच्या पुस्तकांशी जुळत नाहीत. दोन माणसांमधलं प्रेम फार घाईत उरकलंय. शेवटच्या दोन-तीन प्रकरणांत एक नवीच शक्ती पुरेशी तयारी नसताना येऊन पडते. वाचकाला वाटतं आपणच काही गाळलं. गाळलेलं नसतं.

थरावरथर
घोडदळ, तिन्ही दोष मान्य. शेवटाबद्दल तर गटाला आधीच सांगावं, म्हणजे लोक मागची पानं शोधत बसणार नाहीत.

एक जोडतो. आदिपर्व उघडा. नैमिषारण्यात सौती येतो, ऋषी विचारतात, मग उत्तंक, मग पुलोमा, मग आस्तीक आणि सर्पसत्र. कौरव-पांडवांपर्यंत पोचायला किती अध्याय जातात! तिथे कुणी 'मुद्द्यावर या' म्हणत नाही, कारण पुढे काय येणार यावर विश्वास असतो. पहिल्या पुस्तकाला तो विश्वास उधार मागावा लागतो. किती द्यायचा ते प्रत्येकानं ठरवावं.

सुरसागर_७
माझी मर्यादा: आठवं प्रकरण. तोवर एकाही माणसाचं पुढे काय होईल याची काळजी वाटली नाही, तर खुशाल ठेवून द्यावं. गटात बसावं, ऐकावं, पण ओढूनताणून वाचू नये.

अक्षरवेडी
मी दहावं म्हणेन. पण मर्यादा असावी हे बरोबर. आणि सेव-उसळ खाताना वाचू नका, तर्रीचा डाग मांडवीच्या लायब्ररीतल्या काचेच्या फरशीवरून निघेल, पानावरून निघत नाही.

मांडवीवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. ती लायब्ररी सयाजीरावांनी १९१०च्या सुमाराला विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावून सुरू केली. तिथे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून फरशी काचेची. थरावरथर यांचा प्रतिसाद वाचताना तीच डोळ्यासमोर आली.

तर असं ठरवतोय, चुकत असेल तर सांगा:

पहिला रविवार उपोद्घात, पहिलं, दुसरं. दुसऱ्या प्रकरणातला लढाईचा भाग गटात मोठ्यानं वाचायचा, वेळेचा उलटा फेरा फळ्यावर काढून. दुसरा रविवार तिसरं आणि चौथं, बस. तिसऱ्या रविवारी पाचवं ते सातवं, क्रुपची पानं मोठ्यानं. चौथ्याला आठवं ते दहावं, आणि त्या दिवशी प्रत्येकानं पुढे वाचणार की नाही ते सांगायचं, कुणी कुणाला आग्रह करायचा नाही. मग अकरा ते चौदा, पंधरा ते अठरा, एकोणीस ते एकवीस, आणि शेवटी बावीस ते चोवीस. कागद माईंचा, मोकळी जागा थरावरथर यांची. कोश बंद.

निळा दिवा
एकच बदल. शेवटच्या तीन प्रकरणांना दोन तास कमी पडतील. सगळे धागे तिथे एकत्र येतात. त्या दिवशी बैठक सकाळी दहाऐवजी नवाला ठेवा.

घोडदळ
मी पण येतो. वाद घालायला एक जण लागेलच ना.

माई रावपुरा
ये रे. कागद घेऊन ये.